आमचा मुका मालक

देशमुख मॅडम तिसऱ्यांदा ‘हॅलो’ म्हणाल्या आणि तौफिक तिसऱ्यांदा काहीच बोलला नाही.

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले होते. हातानं खुणा केल्या, बोल की रे. त्यानं माझ्याकडे न बघता तळहात वर केला. थांबा म्हणून.

“माझा आवाज येतोय ना?” मॅडम म्हणाल्या. “पान उघडलंय मी. मोठा डोळा आहे. खाली लिहिलंय, ‘काहीही नजरेतून सुटणार नाही’. हे सीसीटीव्हीचं आहे का? कारण सीसीटीव्ही आमच्या ऑफिसला आहेत. मला नकोत.”

तौफिक गप्पच. आणि तो का गप्प होता हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, कारण तो नियम मीच केला होता.

आता जरा मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगं घाबरलं.

मी वेबसाइट बनवते. वय बासष्ट. कॉलेज नाही, क्लास नाही. चिखलीत साचे बनवणाऱ्या एका टूलरूमच्या ऑफिसात कामाला होते, तिथल्या वेबसाइटवर मालकाचं नाव चुकीचं पडलं होतं आणि बनवणारा फोन उचलत नव्हता. मालक म्हणाले, तुम्हीच बघा काही होतंय का. मी बघत बसले, व्हिडिओ लावून लावून शिकले, आणि नाव दुरुस्त झालं. त्या दिवशी जो काही आनंद झाला तो मला लग्नातसुद्धा झाला नव्हता, हे आमच्या ह्यांनाही माहीत आहे. तेव्हापासून हेच काम. नोकरी सोडली, निगडीला घरातच पुढच्या खोलीत टेबल टाकलं.

आमच्यासारख्यांना इंडी डेव्हलपर म्हणतात. म्हणजे काय, तर डोक्यात आलं ते स्वतःच बनवायचं, स्वतःच विकायचं, आणि बिघडलं की शिव्याही स्वतःच खायच्या. वर बॉस नाही ही चैन. शेजारी कुणी विचारायला नाही ही पंचाईत. म्हणून आम्ही काही जण दर गुरुवारी माझ्याकडे जमतो. गुरुवारी, कारण एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची आणि आमचा सोमनाथ चाकणच्या एका कंपनीत लाइनवर आहे. घरची शेती, कंपनीची शिफ्ट, आणि उरलेल्या वेळात फोटोची फाइल हलकी करणारं टूल बनवतो.

जमून करायचं काय? एकमेकांची लँडिंग पेजं तपासायची. लँडिंग पेज म्हणजे तुमच्या मालाचं ते एक पान, जिथं माणूस पहिल्यांदा येऊन पडतो. दुकानाची पाटी, शोकेस आणि काउंटर तिन्ही एकाच जागी. तिथं माणूस दोन-चार क्षण थांबतो. कळलं तर आत येतो, नाही कळलं तर गेला.

सुरुवातीला आमच्या बैठकीत भांडणंच जास्त व्हायची. कुणी म्हणालं ‘हे बटण कळत नाही’, की पानाचा मालक लगेच, ‘अहो त्याचा अर्थ असा आहे’. मग मी नियम केला, मुका मालक. ज्याचं पान तपासायचं त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी पान बघत मोठ्यानं बोलायचं, काय दिसतंय, काय वाटतंय, कुठं बोट जातंय. मालकानं फक्त ऐकायचं. समजावून सांगितलं की फीडबॅक मेला. माझ्या पानाची पाळी असली की मी तोंडात सुपारी धरून बसायची, नाहीतर माझ्याच्यानं गप्प बसणं व्हायचं नाही.

तर तौफिक. चिखलीचा. घराखाली थोरल्या भावाचं गॅरेज आहे, तिथं सकाळपासून पत्रा ठोकायचा आवाज, म्हणून गिऱ्हाइकाचा कॉल असला की लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतो. आयटीतली नोकरी सोडून त्यानं एक टूल बनवलं. वेबसाइटवर आलेला माणूस कुठं बोट लावतो, कुठं अडकतो, कुठून निघून जातो, हे वेबसाइट बनवणाऱ्याला दाखवणारं. जिथं जास्त बोटं लागली ती जागा लाल दिसते. अशी टूलं परदेशातली आहेत, पण ती वापरायला बसलं की आधी तीच शिकावी लागतात. तौफिकचं टूल साधं, मराठीत, आणि फोनवर चालणारं. काम चोख होतं. विकलं जात नव्हतं.

आणि घरी शबानानं, त्याच्या बायकोनं, एकच गोष्ट सांगितली होती. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीची त्याला नोकरीची ऑफर आली होती, महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. ती म्हणाली, “मी नको म्हणत नाही. पण तोपर्यंत एक गिऱ्हाईक दाखवा. नातेवाईक नको, दोस्त नको. खरं एक. नाहीतर जॉइन व्हा.” यात वावगं काही नव्हतं. घर तीच चालवत होती.

देशमुख मॅडम म्हणजे ते खरं गिऱ्हाईक होऊ शकत होत्या. भोसरी-चाकणकडच्या लहान वर्कशॉपांच्या वेबसाइट बनवणारी त्यांची एजन्सी आहे. त्यांना पटलं तर सगळ्या साइट्सवर टूल बसणार. असा कॉल पुन्हा मिळणार नव्हता. आणि हा पठ्ठ्या त्यांच्यासमोर मुका मालक होऊन बसला होता.

“हॅलो? तौफिक?”

“येतोय मॅडम आवाज,” तो शेवटी म्हणाला. “मी ऐकत होतो.”

“मग बोला की. सीसीटीव्ही आहे का?”

मला वाटलं आता सांगेल सगळं. तो म्हणाला, “नाही मॅडम. पण तुम्ही बरोबर वाचलंत, पान चुकलंय. ते दुरुस्त करून मला पुढच्या आठवड्यात परत दहा मिनिटं द्याल? तेव्हाही कळलं नाही तर मी विषय सोडून देतो.”

मॅडम बुधवारी बघू म्हणाल्या, वचन देत नाही म्हणाल्या, आणि कॉल बंद झाला.

मी म्हटलं, “अरे बाबा, सांगून टाकायचं होतंस. दोन वाक्यांत झालं असतं.”

“काकू, प्रत्येक गिऱ्हाइकाशेजारी मी बसणार आहे का सांगायला?”

हे तर माझंच शिकवलेलं.

आता प्रश्न असा, की आमचं पान आम्ही इतक्या गुरुवारी तपासलं, मग त्यावर टूलचं कामच लिहिलेलं नाही हे कुणाला कसं दिसलं नाही? तौफिकनं जुनी पानं काढून माझ्यासमोर ओळीनं उघडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी: तुमच्या पानावर आलेला माणूस कुठं बोट लावतो, कुठं थांबतो आणि कुठून परत जातो, हे दाखवणारं टूल’. लांबलचक, पण सगळं त्यात. त्यावर सोमनाथ म्हणाला होता, “हे वाचंस्तवर मानूस चाकणला पोचंल.” आम्ही हसलो, आणि तौफिकनं कापलं. पुढच्या गुरुवारी मी म्हटलं, ‘वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी’ हे कशाला, दुसरं कोण येणार आहे. ते गेलं. मग ‘टूल’ हा शब्द जड वाटला. तो गेला. प्रत्येक वेळी पान आधीपेक्षा सुटसुटीत दिसायचं आणि आम्ही खूश व्हायचो. शेवटी उरला एक मोठा डोळा आणि ‘काहीही नजरेतून सुटणार नाही’. त्या दिवशी तर टाळ्या वाजवल्या होत्या.

कारण आम्हाला माहीत होतं ना टूल काय करतं. पानावर नव्हतं ते आमच्या डोक्यात होतं, आणि आम्ही डोक्यातलं वाचत होतो.

गुरुवारी सोमनाथ आला. त्याला सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, पान ब्येस हाय, मॅडमलाच समजंना. मी त्याला पान क्षणभर दाखवलं, झाकलं, आणि विचारलं काय होतं. आमच्या धंद्यात ही चाचणी करतात, पान क्षणभर दाखवून विचारायचं. त्यानं घडाघडा सांगितलं, लाल ठिपके, बोटं, फोनवर चालतं. यातलं एकही पानावर नव्हतं. मी त्याला तसं म्हटलं, तर तो स्वतःच पुन्हा पान बघून म्हणाला, “आयला, व्हय की. न्हाई कुठं.”

म्हणजे आमचे डोळे आता कामाचे नव्हते. नवे डोळे पाहिजेत, आणि तेही वेबसाइट बनवणाऱ्यांचेच, कारण माल त्यांना विकायचा.

नवे डोळे मिळण्याची जागा माझ्या माहितीची होती. राज्यभरातल्या आमच्यासारख्यांचा एक मोठा ऑनलाइन ग्रुप आहे. तिथं पद्धत अशी, की तू माझं पान बघ, मी तुझं बघतो. ऐकायला छान. प्रत्यक्षात काय होतं, तौफिकनं पान टाकलं आणि खाली धडाधड उत्तरं: ‘सुंदर’, ‘एक नंबर भावा’, ‘डोळा मस्त, माझंही बघा जरा’. सगळे एकमेकांना पेढे वाटत होते. कारण मी तुझ्या पानाला नावं ठेवली तर तू माझ्या पानाला ठेवशील. त्यापेक्षा दोघांनी सुंदर म्हणावं आणि घरी जावं.

तौफिक म्हणाला, “काकू, यांना तर आवडलंय.”

मी म्हटलं, “आवडलंय ते ठीक आहे. कळलंय का ते कुणी सांगितलं?”

मग मी माझ्या नावानं पोस्ट लिहिली. लिहिलं की, माझ्या मित्राच्या पानाची स्तुती नको, सूचना पण नकोत. फक्त एका ओळीत सांगा, हे काय आहे आणि कोण विकत घेईल. चूक असलं तरी चालेल, मुद्दाम चूकच हवंय. बदल्यात मी तुमच्या पानासाठी हेच करीन, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही.

नुसतं लिहून कोण येतंय? आधी आपण द्यावं लागतं. म्हणून मी बसले आणि ग्रुपवरची जितकी पानं त्या दुपारी बघता आली तितकी बघितली. प्रत्येकाखाली एक ओळ. ‘मला वाटलं हा योगाचा क्लास आहे.’ ‘मला वाटलं तुम्ही नोकरी लावून देता.’ नाशिकच्या एका गृहस्थांचं पान होतं, पानभर पांढरे ढग आणि मध्ये ‘हलकं व्हा’. मी लिहिलं, मला वाटलं तुम्ही गाद्या विकता.

त्यांचं बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं.

ते रागावले. सगळ्यांसमोर लिहिलं, “मॅडम, क्लाउड म्हणजे काय हे माहीत नसेल तर कृपया फीडबॅक देऊ नये.” मी उत्तर दिलं, “क्लाउड माहीत आहे हो, सगळं इंटरनेटवर ठेवतात ते. पण बिल कुठंच दिसलं नाही.” मी म्हटलं, गेलं एक गिऱ्हाईक हातचं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला: “ढग काढले. आता तुमच्या मित्राचं पान बघितलं. मला वाटलं डोळ्यांचा दवाखाना आहे. मोतीबिंदूचं शिबिर वगैरे.”

मग सुरूच झालं. कुणाला वाटलं ऑफिसात कोण काम करतं नि कोण टाळतं ते बघायचं ॲप, कुणाला वाटलं चोरी पकडणारं काही. एका मुलीनं लिहिलं, नवऱ्यावर नजर ठेवायचं काही असेल तर मला पाहिजे. तौफिक प्रत्येक ओळ वाचून कपाळाला हात लावत होता आणि एकीकडे हसतही होता. इतक्या जणांनी पान बघितलं आणि वेबसाइटचा ‘व’ कुणी काढला नाही.

आता डोळा काढायला हवा हे उघड होतं. इथं गाडी अडली. तौफिक म्हणाला, “वाक्य बदलू. डोळा राहू दे.”

“का रे?”

“शबानानं काढलाय तो. हातानं. रात्री पोरं झोपल्यावर बसून काढला. एवढंच तिनं या कामात हौसेनं केलंय काकू. ते काढून टाकू?”

मग मी चिखलीला गेले. त्याला न सांगता. शबानाला म्हटलं, एक विचारायचंय, वाईट वाटून घेऊ नकोस. डोळ्याचं सांगितलं. मोतीबिंदूचंही सांगितलं.

ती हसायलाच लागली. म्हणाली, “काढा की तो डोळा. मला पहिल्यापासून भीती वाटते त्याची. ते म्हणाले होते, काहीतरी डोळ्यासारखं काढ, म्हणून काढला. मग त्यांना एवढा आवडलाय बघून मी गप्प बसले.”

म्हणजे हा तिच्यासाठी डोळा ठेवत होता आणि ती ह्याच्यासाठी. मुका मालक मी शिकवला होता, पण ह्या घरात दोघंही आधीपासून मुकेच होते. मी तिथल्या तिथं फोन लावून दिला. ती त्याला एवढंच म्हणाली, “डोळा काढा, आणि तुमचे ते लाल ठिपके लावा. तुम्ही घरात सगळ्यांना तेच दाखवत फिरता.”

हे बरोबर होतं. तौफिक कुणालाही टूल दाखवताना फोन पुढं करून लाल ठिपके दाखवायचा. पानावर मात्र ते चित्र कधी लावलंच नव्हतं.

वाक्यासाठी मी वेगळं केलं. त्याला म्हटलं, तू लिहायचं नाहीस, लिहायला बसलास की तू जाहिरात करतोस. तू नुसतं बोल, मी टाइप करते. मी वेबसाइटवाली, नवीन आहे, समज, मला सांग हे काय आहे. तो बोलत गेला, मी थांबवत गेले. कुठं जड शब्द आला की मी ‘म्हणजे?’ म्हणायची. शेवटी वैतागून म्हणाला, “अहो काकू, लोक बटण समजून जिथं बोट मारत बसतात आणि काहीच होत नाही, ती जागा आम्ही तुम्हाला लाल करून दाखवतो.”

मी टाइप करणं थांबवलं.

सुरुवातीला फक्त ‘तुमच्या वेबसाइटवर’ एवढं जोडलं. तेच वाक्य पानावर मोठ्या अक्षरात गेलं, खाली लाल ठिपक्यांचा फोटो. सोमनाथला पाठवलं तर त्याचं उत्तर, “लांबडं झालंय काकू.” मी लिहिलं, असू दे लांबडं. तू आता या पानाला बाद आहेस.

ग्रुपवर ज्यांनी आधीचं पान बघितलं नव्हतं अशांनाच नवं दाखवलं. यावेळी उत्तरं वेगवेगळ्या शब्दांत, पण सगळी एकाच गोष्टीची. एकानं तर विचारलं, माझ्या साइटला कधी लावता येईल.

बुधवारी कॉल. मी पुन्हा टेबलाच्या पलीकडे. मॅडमनी पान उघडलं. तौफिक पुन्हा गप्प. मॅडमनी वाक्य मोठ्यानं वाचलं, ठिपक्यांचा फोटो मोठा करून बघितला.

“अच्छा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आमच्या साइट्सवर लोक कुठं उगाच बोट मारतायत ते दिसेल?”

आता तौफिक बोलला. “एक साइट द्या मॅडम. एका ओळीचा कोड टाकायचा. काही दिसलं नाही तर काढून टाका.”

त्यांनी चाकणच्या एका गिअर कापणाऱ्या वर्कशॉपची साइट दिली. वर्कशॉपचे मालक बरेच दिवस मॅडमच्या मागं लागले होते, साइट केली पण फोन एकही येत नाही, पैसे पाण्यात गेले. कोड त्याच दिवशी टाकला. गुरुवारी एमआयडीसी बंद, तर साइटवर शुकशुकाट. तौफिक माझ्याकडे आला तो तोंड पाडूनच. त्याला सांगितलं, आज कोण गिअर शोधणार आहे, उद्या बघ.

शुक्रवारपासून ठिपके यायला लागले. आणि सगळे ठिपके एकाच जागी. पानाच्या वर वर्कशॉपच्या दरवाजाचा फोटो होता, त्यात त्यांची पाटी, आणि पाटीवर रंगवलेला फोन नंबर. लोक त्या फोटोतल्या नंबरवर बोट मारत होते. पण तो फोटो होता. फोटोवर बोट मारून फोन कसा लागणार? खरा नंबर पार तळाला, बारीक अक्षरात. शनिवारपर्यंत पाटीवरचा तो नंबर लाल भडक झाला होता.

तौफिकनं चित्र मॅडमना पाठवलं. सोबत एक शब्द लिहिला नाही. मी म्हटलं, अरे काहीतरी लिही. तो म्हणाला, कळेल त्यांना.

मॅडमनी त्या फोटोतल्या नंबरवर बोट ठेवलं की फोन लागेल अशी सोय करून घेतली. आणि मंगळवारी त्यांचा तौफिकला फोन आला, मी तिथंच होते. म्हणाल्या, वर्कशॉपचे मालक विचारतायत, साइटवर जाहिरात चालू केली का, फोन यायला लागलेत. मग म्हणाल्या, “सगळ्या साइट्सना लावून टाका. आणि एक सांगू? विकायला येतो आणि गप्प बसतो, असा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मी त्या दिवशी फोन ठेवणारच होते.”

“मग का नाही ठेवलात?” तौफिकनं विचारलं.

“पान चुकलंय म्हणालात म्हणून. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो, तुम्हाला कळलं नाही.”

हिंजवडीच्या कंपनीला त्यानं नकार कळवला. शबानाला गिऱ्हाईक दाखवलं, तर तिनं आधी विचारलं, नातेवाईक तर नाहीत ना. मग मला फोन करून घरी जेवायला बोलावलं, आणि बिर्याणी वाढता वाढता म्हणाली, काकू, तुमचं पण पान आम्हाला दाखवा कधीतरी, आम्ही नावं ठेवतो. मी म्हटलं, ठेव की, पण बदल्यात तुझी बिर्याणी मी तपासणार.

मला अभिमान वाटतो तो कशाचा, तर त्या ग्रुपवर आता नवं पान आलं की खाली कुणीतरी लिहितंच, ‘काकूंचा प्रश्न: एका ओळीत सांगा हे काय आहे’. नाशिकचे गृहस्थ तर सगळ्यांत आधी विचारतात. नाव माझं कुणाच्या लक्षात नाही, तौफिक तिथंही मला काकूच म्हणतो. काकूंचा प्रश्न मात्र सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजात न जाता मी एखाद्या प्रश्नाला नाव मिळवून दिलं, हे काही कमी नाही.

आमच्या गुरुवारच्या बैठकीत नियम एकच वाढला. एकाच माणसानं एक पान दोनदाच बघायचं. तिसऱ्यांदा त्याचं मत घ्यायचं नाही, त्याला दुसऱ्या खोलीत बसवायचं. परवा सोमनाथच्या टूलचं पान होतं आणि दुसऱ्या खोलीत मी होते.